मदत हवी आहे: लॅपटॉपच्या एसएसडीला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) बसतो का? एक्स्पोर्टला ८४ अंश जातंय

अकोलेकर_फ्रेम

नमस्कार मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. अकोल्यात सध्या पारा ४४ च्या खाली यायचं नाव घेत नाही, खोलीत कूलर आहे, एसी नाही. लॅपटॉप जुना आहे, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला. गेल्या वर्षी त्यात १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी टाकून घेतली. एम.टू २२८० आकाराची, टीएलसी मेमरीची, जेन ४ म्हणजे चौथ्या पिढीची. स्लॉट मात्र जेन ३ चाच आहे. पाऊण भरली आहे.

त्रास दोन प्रकारचा आहे. बाहेरच्या एसएसडीवरून फुटेज आत घेताना सुरुवातीला सेकंदाला ९०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. ७०-८० जीबी झालं की धाडकन १५०-२०० वर येतो आणि तिथेच ठाण मांडतो. दुसरं म्हणजे रिझॉल्व्हमध्ये (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) मोठा एक्स्पोर्ट लावला की थोड्या वेळाने सगळंच अडखळायला लागतं, फोल्डर उघडायलासुद्धा वाट बघावी लागते.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कचं तापमान आणि तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) कॉपीच्या वेळी ७२ दाखवतं, एक्स्पोर्टच्या वेळी ८३-८४. खालच्या यादीत तर 'कंपोझिट टेंपरेचर'समोर १६५ लिहिलं होतं. ते वाचून पोटात गोळाच आला.

दुकानदार म्हणतो, "लॅपटॉपच्या एसएसडीला हीटसिंक नसतोच, नवीन लॅपटॉप घ्या." ऑनलाइन पाहिले ते सगळे जाडजूड, उभ्या पट्ट्यांचे. कोणता घ्यावा? लग्नसराई संपेपर्यंत थांबणं शक्य नाही.

तपकीर_गल्ली

ते जाडजूड प्रकार डेस्कटॉप आणि पीएस ५ साठी असतात. पीएस ५ च्या खाचेत हीटसिंकसकट ११.२५ मिमी जाडीची एसएसडी चालते. तुमच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि तळाच्या झाकणात दोन-तीन मिमी फट मिळाली तरी नशीब समजा. लॅपटॉपसाठी तांब्याची पातळ पट्टी मिळते, नाहीतर नुसतं थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी). नवा लॅपटॉप वगैरे काही नको.

चिंचवडी

तांब्याची पट्टी +१. मी लावली आहे, दहा अंशांनी उतरलं. दोनशे-तीनशे रुपयांत काम झालं.

सोल्डरवाला_काका

चिंचवडी, ते दहा अंश कशावर मोजले? पाच मिनिटांच्या बेंचमार्कवर मोजले असतील तर उतरणारच. पट्टी उष्णता शोषून घेते, पण पुढे कोणाला देते? लॅपटॉपचा पंखा खालून हवा ओढतो आणि बिजागरीकडून बाहेर टाकतो. एसएसडी बहुतेक वेळा त्या वाटेवर नसतेच. आतली हवा कोंडलेली असली की तासाभराच्या कामात पट्टीही तेवढीच तापते.

आता अकोलेकर. घाबरू नका. ते १६५ हेक्स, म्हणजे सोळाच्या पाढ्यातल्या अंकमोजणीत आहे आणि सेल्सिअसऐवजी केल्विनमध्ये आहे. दशमानात ३५७, त्यातून २७३ वजा केले की ८४. तोच तुमचा वर दिसणारा आकडा. 'फंक्शन'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर'मध्ये 'रॉ व्हॅल्यूज' दशमानात करून घ्या, म्हणजे पुन्हा असा झटका बसणार नाही.

तुमचे दोन त्रास ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच औषधाने जाणार नाहीत.

कॉपी करताना वेग पडतो तेव्हा तापमान ७२ आहे. बहुतेक एसएसडी ८० च्या पुढे गेल्याशिवाय स्वतःहून हात आखडता घेत नाहीत. मग वेग का पडतो? टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट बसतात, पण तसं लिहायला वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर (एसएसडीचा कारभार बघणारी चिप) रिकाम्या जागेत आधी एका पेशीत एकच बिट घाईघाईने लिहून ठेवतो आणि नंतर सवडीने नीट रचतो. हाच एसएलसी कॅश. एक जीबी लिहायला त्यात तीन जीबीची जागा जाते. तुमच्याकडे पाव डिस्क, म्हणजे २५० जीबी मोकळी आहे. भागिले तीन, साधारण ८३. तुमचा वेग ७०-८० जीबीला पडतो म्हणता. हिशोब जुळतोय. एसएसडीवर अख्खं हिमालयाचं बर्फ ठेवलंत तरी हे थांबणार नाही. डिस्क रिकामी करा, एवढाच उपाय.

उष्णतेने वेग पडला तर तो वर-खाली होत राहतो. गार झालं की चढतो, तापलं की उतरतो. कॅश संपल्यावर मात्र आलेख सपाट होतो आणि डिस्कला निवांत सोडल्याशिवाय वर येत नाही. हा फरक लक्षात ठेवा.

एक्स्पोर्टचं दुखणं खरोखर उष्णतेचं दिसतंय. खात्री करून घ्या. स्मार्टसीटीएल नावाचं मोफत साधन आहे. त्यात तुमच्या डिस्कची इशाऱ्याची आणि धोक्याची पातळी दिसेल. शिवाय 'वॉर्निंग कंपोझिट टेंपरेचर टाइम' म्हणून एक मोजणी असते. डिस्क जन्मापासून किती मिनिटं इशाऱ्याच्या वर होती, ते त्यात साठत जातं. एक्स्पोर्टच्या आधी आणि नंतर तो आकडा लिहून ठेवा.

अकोलेकर_फ्रेम

काका, दंडवत. इशाऱ्याची पातळी ८३ आहे, धोक्याची ८८. कॉपीनंतर ती मोजणी जागची हलली नाही. एक्स्पोर्टनंतर २६ मिनिटांनी वाढली. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. मग एक्स्पोर्टसाठी पॅड लावू का?

निशिगंधा

थांबा, पॅडच्या आधी एक विचारते. एक्स्पोर्ट होताना डिस्कवर लिहिलं किती जातं? तुम्ही सेकंदाला १०० मेगाबिटची फोर-के फाइल काढत असाल तर ते सेकंदाला साडेबारा एमबी झाले. फुटेज वाचायचं धरलं तरी या एसएसडीसाठी ते काहीच नाही. मग ती ८४ ला जाते कशी? कॉपी करताना सेकंदाला ९०० एमबी लिहूनही ७२ वरच राहते की!

मला वाटतं ती स्वतः तापत नाहीये, शेजारी तिला तापवताहेत. टास्क मॅनेजर उघडा. एक्स्पोर्टमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण ताकदीने चालत असणार. झाकण काढल्यावर बघा, त्यांची उष्णता पंख्याकडे नेणारी तांब्याची नळी एसएसडीच्या जवळून जाते का. तसं असेल तर हीटसिंक लावणं म्हणजे चुलीशेजारच्या माठावर ओलं फडकं टाकण्यासारखं आहे. चूल आधी मंद करा.

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. हा आकडा दिसतो क्षुल्लक, पण ९९ केलं की टर्बो बूस्ट (प्रोसेसरने वेग आपोआप वाढवणं) बंद होतो. रेंडर थोडा लांबेल, पण प्रोसेसरचं तापमान चांगलंच खाली येतं. आणि पंखा साफ केलाय का कधी?

अकोलेकर_फ्रेम

आज झाकण उघडलं. बॅटरीची पिन आधी काढली (काका ओरडायच्या आत सांगतो). पंखा आणि बाहेर हवा टाकणाऱ्या जाळीच्या मध्ये धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. राखाडी, बोटाने धरून अख्खाच्या अख्खा उचलता आला. जाळीतून पलीकडचं काही दिसत नव्हतं. एसएसडी बरोबर नळीच्या वळणाला लागून आहे. निशिगंधाताई, तुमचा नेम बसला.

झाकण धातूचं आहे, आतून काळा प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला आहे. पॅड कितीचं घ्यायचं ते कळेना.

सोल्डरवाला_काका

निशिगंधा, शाब्बास. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता पॅड लावण्यात अर्थ आहे, कारण झाकण धातूचं आहे. उष्णता पॅडमधून झाकणात आणि झाकणातून बाहेरच्या हवेत. अख्खं झाकणच तुमचा हीटसिंक. प्लॅस्टिकचं असतं तर पॅड घेऊच नका म्हणालो असतो.

जाडी अंदाजे घेऊ नका. पोरांच्या खेळायच्या क्लेची मुगाएवढी गोळी स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. लॅपटॉप बंद, बॅटरीची पिन काढलेली. गोळी एसएसडीच्या कंट्रोलरवर ठेवा, झाकण नीट बसवून क्लिपा लागेपर्यंत दाबा, पुन्हा उघडा. चपटी झालेली गोळी व्हर्नियरने मोजली की फट कळली. पॅड त्यापेक्षा किंचित जाड आणि मऊ घ्या, थोडं दाबलं गेलंच पाहिजे. पण उगाच जाड घेतलंत तर बोर्ड वाकतो, झाकणाला पोट येतं. पॅड १, १.५, २ मिमी असे मिळतात.

पॅड मुख्यतः कंट्रोलरवर बसू द्या. तो लहान चौकोनी चिप असतो, बहुधा कनेक्टरच्या बाजूला. खरी आग त्याचीच. मेमरीच्या चिपा फार गार करायची गरज नाही, लिहिताना त्यांना थोडी ऊब मानवते. एसएसडीवरचा स्टिकर मात्र सोलू नका, वॉरंटी जाईल. काही कंपन्या त्यातच तांब्याचा पापुद्रा घालतात. पॅड स्टिकरवरूनच लावा.

चिंचवडी

बरं, मान्य, माझी चाचणी छोटीच होती. पण पट्टीच लावायची तर फक्त गोंदावर विसंबू नका, तापून सुटतो. सोबत येणाऱ्या सिलिकॉनच्या कड्या लावा. तांबं सुटून मदरबोर्डवर पडलं तर शॉर्ट व्हायची भीती. पॅडला ती भानगड नाही.

विदर्भ_एक्स्प्रेस

भाऊ, एवढं कायले करता, लॅपटॉप कूलरसमोर ठेवा न.

निशिगंधा

अर्धं बरोबर आहे हो! खोली पाच अंशांनी गार झाली तर एसएसडीही जवळपास तेवढीच उतरते. फक्त थेट झोतात नको, कूलरचे तुषार आत जातात. बाजूला ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला, म्हणजे खालच्या जाळीला श्वास घेता येईल. आणि गादीवर ठेवून एक्स्पोर्ट लावायचा नाही.

अकोलेकर, रिझॉल्व्हचा कॅश फोल्डर (त्याच्या तात्पुरत्या फायलींचा, काकांचा एसएलसी कॅश वेगळा) बाहेरच्या एसएसडीवर हलवा. आतल्या डिस्कवरचा ताणही कमी होईल आणि ती पाव जागाही मोकळी राहील.

अकोलेकर_फ्रेम

हिशोब देतो. पंखा साफ केला आणि ९९ टक्के केलं, त्यावरच एक्स्पोर्टला ८४ चं ७६ झालं. फट १.६ मिमी निघाली, २ चं मऊ पॅड लावलं, आता ७१ च्या वर जात नाही. 'वॉर्निंग'ची मोजणी तिथल्या तिथे आहे. एक्स्पोर्टला वेळ थोडा जास्त लागतो, पण अडखळत नाही म्हणून एकूणात फायदाच.

झाकण मात्र त्या जागी चांगलंच तापतं. मांडीवर घ्यायची सोय राहिली नाही, टेबलावरच वापरतो. जुनी लग्नं हार्डडिस्कवर हलवली, अर्धी डिस्क मोकळी झाली. आता १२० जीबीचं फुटेज एका दमात आत आलं, वेग पडला नाही.

एक राहिलं. मित्राच्या लॅपटॉपमधली एसएसडी दोन्ही बाजूंनी चिपा असलेली आहे. त्याला हेच चालेल का?

सोल्डरवाला_काका

चालेल, पण खालच्या बाजूच्या चिपा आणि मदरबोर्ड यांच्यात जागा जवळपास नसतेच. तिथे पॅड कोंबायला जाऊ नका, कनेक्टरवर ताण येतो. कंट्रोलर वरच्या बाजूला असेल तर फक्त वरून लावा. आणि त्याचं झाकण धातूचं आहे का ते आधी विचारा.