मदत हवी आहे: मीटररूममध्ये अर्थचा बार (अर्थच्या तारा-पट्ट्या जोडायची धातूची पट्टी) केवढा घ्यायचा? (ऐरोली)

ऐरोली_सचिव: सोसायटीचं मीटर पॅनेल नवीन बसवलं. तपासणीत शेरा आला, अर्थ आणि न्यूट्रल (विजेची परतीची तार) एकाच बारवर आहेत. कंत्राटदार म्हणतो चालतं. बारचं माप तेवढं सांगा, सोमवारी पूर्तता द्यायची आहे.

वायरमन_कळवा: येणारी केबल कुठली? अर्थिंगचे खड्डे किती? हे कळल्याशिवाय माप कसं सांगणार?

खाडीकाठ: चालत नाही. न्यूट्रल महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेली असते. पॅनेलमध्ये पुन्हा जोडलीत आणि बाहेरची न्यूट्रल तुटली, की पंपाच्या बॉडीपासून गीझरच्या टाकीपर्यंत सगळीकडे व्होल्टेज येतं.

तीन_फेज: केमिकल अर्थिंग करून टाका, कटकट संपेल.

खाडीकाठ: खड्डा केमिकलचा असो की कोळसा-मिठाचा, ही चूक खड्ड्यातली नाहीच.

ऐरोली_सचिव: केबल साडेतीन कोअर (तीन फेज आणि निम्म्या जाडीची न्यूट्रल), ७० चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियम. खड्डे दोन, पण पट्टी एकच वर आलीय.

वायरमन_कळवा: मग अर्थची तार फेजच्या निम्मी, म्हणजे ३५ अ‍ॅल्युमिनियम. जीआयमध्ये (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) त्याला साधारण ६५ चौरस मिमी लागतात. २५×३ मिमी पट्टी ७५ भरते, पण खाडीच्या हवेत गंजते, म्हणून २५×६ घ्या. दोन्ही खड्ड्यांतून वेगवेगळ्या पट्ट्या आणा, प्रत्येकीत टेस्ट लिंक (मोजणीसाठी सोडवता येणारा जोड) ठेवा. नाहीतर एकेक खड्डा मोजता येत नाही. बार तांब्याचा २५×६, टिनचा मुलामा असलेला. साधं तांबं जीआयला भिडलं आणि ओल शिरली की जस्त खाल्लं जातं. एका बोल्टखाली एकच लग (तारेच्या टोकाला लावायची कडी).

तीन_फेज: मीटररूममधलं तांबं चोरीला जातं. बारही जीआयचाच ५०×६ लावा.

वायरमन_कळवा: तेही चालेल, सांध्याचा प्रश्नही मिटतो.

घणसोली_७: गच्चीवरच्या वीजरोधकाची पट्टी पण याच बारला आणायची का?

खाडीकाठ: नाही. ती इमारतीबाहेरून थेट तिच्या खड्ड्यात. खड्डे मात्र जमिनीखाली एकमेकांना जोडा.

ऐरोली_सचिव: बार वेगळा केला. तरी अर्थच्या पट्टीवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजायचं) ४ अँपिअर दाखवतोय.

वायरमन_कळवा: कुठल्यातरी फ्लॅटच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) न्यूट्रल अर्थला जोडलेली आहे. प्रत्येक मीटरच्या आउटगोइंगची फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून क्लॅम्पमध्ये घ्या. जिथे शून्याच्या आसपास येणार नाही तो फ्लॅट. तिथला सप्लाय बंद करून, प्लग काढून, न्यूट्रल लिंकवरून सोडवा आणि न्यूट्रल-अर्थमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा.

खाडीकाठ: पॅनेलमधली कॉमन न्यूट्रल मात्र मेन बंद केल्याशिवाय उघडू नका. तीन फेज चालू असताना ती सुटली तर कमी लोडच्या फ्लॅटमध्ये २३० ऐवजी ४०० च्या आसपास जातं, टीव्ही-फ्रिज जळतात.