मदत हवी आहे: पारव्यांना आवरू कसं आणि दयाळाला घर कसं देऊ?

नमस्कार मंडळी,

साताऱ्याजवळ आमचं घर आहे. मागे लहानसं परसू, त्यात पेरू, कढीपत्ता, जास्वंद आणि एक जुना शेवगा. मार्चपासून पुरतं उजाडायच्या आधीच शेवग्याच्या शेंड्यावर दयाळ गायला लागतो. काळापांढरा, शेपटी उभारून, दर वेळी नवी लकेर. मी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसते ती त्याच्यासाठीच.

चिमण्यांसाठी भिंतीवर बाजरी आणि तांदळाची कणी ठेवायला लागले, पण आता २०-२५ पारवे येऊन सगळं फस्त करतात. पपईच्या फोडींवर येणारे बुलबुलही बिचकायला लागलेत. दाणे काही दिवस बंदच ठेवू, की फक्त चिमणी आत शिरेल अशा जाळीत ठेवू? जाळी वापरणाऱ्यांनी भोकांचं माप सांगावं.

दयाळ दाण्याला चोच लावत नाही, पालापाचोळ्यातले किडे टिपतो. म्हणून पेरूखालचा पाला झाडणं आणि फवारणी दोन्ही थांबवलंय. पसरट परळात पाणी असतं, रोज घासून भरते.

आता त्याची जोडी भिंतीतल्या जुन्या पाइपाच्या भोकात सारखी डोकावतेय. ते भोक फार खाली आहे आणि शेजारचं मांजर तिथूनच फिरतं, जीव नुसता टांगणीला लागतो. ढोलीसारखी लाकडी पेटी लावली तर दयाळ येतो का? तोंड केवढं, उंची किती? कुणाकडे पिल्लं झाली असतील तर कृपया लवकर कळवा.