मुलांची 'उपेक्षा' करावी? चार ब्रह्मविहारांतल्या चौथ्या शब्दाला मराठीत काय म्हणाल?

रानजाई
आमच्या भागातल्या विहारातर्फे पालकांसाठी छोटी पुस्तिका निघते आहे. चार ब्रह्मविहार, म्हणजे बौद्ध साधनेत जोपासायच्या चार मनोवृत्ती, घरात, रोजच्या जगण्यात कसे उतरवायचे, हा विषय. मूळ मजकूर हिंदी आहे आणि मराठी करायचं काम माझ्याकडे आहे. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) इथवर अडचण आली नाही. चौथा शब्द पालीत उपेक्खा, हिंदीत उपेक्षा, म्हणून मराठीतही तोच ठेवला. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून कागद परत पाठवला. वाक्य असं: 'मूल मोठे झाले की आईवडिलांनी त्याच्याविषयी उपेक्षा बाळगावी.' त्या म्हणाल्या, हे वाचून लोक चिडतील.

सांगायचंय ते असं. पोरगं बारावीचा अभ्यास करत बसलंय, आपण बाहेरच्या खोलीत आहोत, चहा हवा तर करून देऊ, पण त्याच्या मार्कांची धडधड आपल्या छातीत नाही. तटस्थता, अलिप्तता, समता, समचित्तता हे सगळे शब्द लावून पाहिले. 'तटस्थ' म्हटलं की पंच डोळ्यांपुढे येतो आणि 'अलिप्त' म्हटलं की अलिप्त राष्ट्रांची चळवळ. कुणाकडे घरातला शब्द आहे का?

मोडीवाला
शब्द मुळीच बदलू नका. उप + ईक्ष्, म्हणजे जवळ राहून पाहणे. अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, समीक्षा, निरीक्षण ही सगळी त्याच धातूची लेकरं, आणि सगळ्यांत पाहणं आहे. 'पाहत राहणे, मध्ये न पडणे' यातून 'सोडून देणे' आणि त्यातून 'दुर्लक्ष' असा तो उतरत गेला. ही घसरण संस्कृतातच सुरू झाली होती, मराठीने फक्त शेवटची पायरी उचलली. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादाच्या तेहतिसाव्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा याच क्रमाने येतात. एवढी जुनी चौकट एका लाल रेघेसाठी मोडायची? तळटीप द्या आणि वाचकाला शब्द परत मिळवून द्या.

साळुंकी
मोडीवाले काका, पालकांच्या पुस्तिकेत तळटीप कोण वाचणार? 'ज्येष्ठांची उपेक्षा', 'शासनाची उपेक्षा' असं रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या माणसाला धातू सांगून काय उपयोग? शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात.

आणि पतंजलीचा दाखला इथे लागू होत नाही. त्या सूत्रात चार भावनांना चार विषय दिलेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा. म्हणजे तिथे उपेक्षा वाईट वागणाऱ्याच्या वाट्याला येते. बौद्ध ब्रह्मविहारात ती सगळ्या प्राणिमात्रांसाठी आहे, अगदी स्वतःच्या लाडक्या पोरासाठीही. शब्द एक असला तरी वापर वेगळा.

पहाटेची घंटा
'समता' का नको, ते मला कळलं नाही. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. तेव्हापासून लाखो लोकांनी हाच शब्द ऐकलाय. इगतपुरीला अधिष्ठानाच्या बैठकीत तासभर हलायचं नसतं. गुडघा पेटलेला असतो आणि कानावर येतं, समता ठेवा. त्या क्षणी शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

घरातलाच अनुभव सांगते. सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. 'आज दूध आलं का' हे ते पुन्हा पुन्हा विचारतात. सुरुवातीला तिसऱ्या-चौथ्या वेळेला माझा आवाज चढायचा. आता छातीत चीड उठताना कळते, श्वास आखूड झालेला कळतो, आणि बहुतेक वेळा उत्तर पहिल्यासारखंच जातं: 'आलं हो बाबा.' मला त्यांचं काही वाटत नाही असं नाही, उलट आता जास्त वाटतं. याला मी समताच म्हणते.

नागनदी
ताई, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. शब्दाबद्दल मात्र बोलायलाच हवं. आमच्या नागपुरात 'समता' म्हटलं की समता सैनिक दल, समता म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यातली. हा शब्द आमच्या लोकांनी रस्त्यावर उतरून कमावलाय. त्याला मनाच्या शांतीचा अर्थ चिकटवला की कुणी उद्या म्हणेल, विषमता असू दे, तुम्ही आतून समता ठेवा. हे आम्हाला चालणार नाही.

आणि 'उपेक्षा' तर त्याहून नको. 'उपेक्षित समाज' हे विशेषण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या नावापुढे लागलंय. उपेक्षा कशी असते हे आम्हाला कोशात बघावं लागत नाही. तथागताने उपेक्षा शिकवली असं वाक्य माझ्या आईपुढे मी वाचू शकत नाही.

आमच्या विहारात आम्ही पाली रूपच ठेवतो, उपेक्खा. १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांमधली बारावी दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे दहा सद्गुण, पाळण्याची आहे, आणि त्या दहांत उपेक्खा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये ती समजावताना बेपर्वाईपासून स्पष्ट वेगळी काढली आहे. आवड नाही, नावड नाही. फळाने विचलित व्हायचं नाही, पण प्रयत्न सोडायचा नाही. या दुसऱ्या अर्ध्या भागावर आमच्या घरात फार जोर असायचा. वडील म्हणायचे, मोर्चाला जायचं, निकाल काय लागेल ते मनावर घ्यायचं नाही, आणि पुढच्या मोर्चाला पुन्हा जायचं.

मोडीवाला
नागनदी, तुमच्या वडिलांचं वाक्य गीतेच्या 'समत्वं योग उच्यते' च्या अगदी जवळ जातं.

नागनदी
काका, प्रत्येक वेळी बौद्ध संज्ञा गीतेच्या दारातूनच आत आणायची का? वडिलांनी गीता वाचली नव्हती. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट धम्मातूनच आली.

मोडीवाला
शब्दांना जात-धर्म नसतो, एवढंच म्हणणं आहे.

नागनदी
मराठीतल्या शब्दांना जात होती. त्यावरून माणसं ओळखली जात आणि दूर बसवली जात. हा धागा त्यासाठी नाही म्हणून इथेच थांबतो.

साखवाळचो
आमच्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) या चर्चेत यायलाच हवेत. सिलोनला जाऊन पाली शिकले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचं संपादन केलं. त्या विसुद्धिमग्गात त्याचा कर्ता बुद्धघोष याने ब्रह्मविहार समजावताना एका आईचा दाखला दिलाय. रानजाईताई, तुमच्या पुस्तिकेसाठी तो अगदी नेमका आहे.

आईला चार मुलगे. एक तान्हा, एक आजारी, एक भर तारुण्यात, एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्ह्याने वाढावं असं तिला वाटतं, ती मैत्री. आजाऱ्याने बरं व्हावं, ती करुणा. तरुणाचं तारुण्य टिकावं, ती मुदिता. आणि जो आपला संसार आपण सांभाळतोय त्याच्यासाठी ती जीव पाखडत बसत नाही, ती उपेक्खा. चौथा मुलगा तिला नकोसा झालेला नाही. माया तीच आहे, फक्त त्याची काळजी वाहायची गरज उरलेली नाही.

त्याच ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितलेत, दूरचा आणि जवळचा. उपेक्खेचे दूरचे शत्रू म्हणजे राग आणि पटिघ. 'राग' इथे आपला रागावणं नव्हे, आसक्ती. पटिघ म्हणजे चीड. ते चटकन ओळखू येतात. जवळचा शत्रू मात्र तिच्यासारखाच दिसतो: अञ्ञाणुपेक्खा, अज्ञानातून आलेली बेफिकिरी. आजच्या मराठीत 'उपेक्षा' या शब्दाचा जो अर्थ उरलाय तो नेमका हाच. म्हणजे मूळ शब्दाच्या जागी त्याचा जवळचा शत्रू येऊन बसलाय. म्हणून मुद्रितवाल्या बाईंची लाल रेघ मला योग्य वाटते. ग्रंथ ज्याच्यापासून सावध करतो तेच आपण आईबापांना शिकवायला निघालो होतो.

साळुंकी
हे फार नेमकं सांगितलंत. तर मग काका, तळटिपेने भागणार नाही.

मोडीवाला
उलट हीच तळटीप द्या! आईचा दाखला द्या, दोन शत्रू द्या आणि शब्द तोच ठेवा. जिथे जिथे अर्थ घसरला तिथे शब्द सोडायचा असं ठरवलं तर 'मैत्री' ही सोडा. पालीतली मेत्ता म्हणजे आपली दोस्ती नव्हे. 'तृष्णा' म्हणजे पाण्याची तहान नव्हे. 'विहार' म्हणजे नौकाविहार नव्हे. काय काय बदलणार?

टाळकरी
माझं पाली शून्य आहे, पण घरातला शब्द मागितलाय म्हणून सांगतो: उदास. आज तो रडवेल्या चेहऱ्याचा झालाय, पण तुकोबांचं ऐका. 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करीं ॥' पैसा सचोटीने मिळवायचा आणि खर्च करताना त्यात जीव अडकू द्यायचा नाही. इथे उदास म्हणजे दुःखी असा अर्थ कुणी घेत नाही. उद् + आसीन, जरा वर बसलेला. कीर्तनात हा अभंग लागला की म्हाताऱ्या बायासुद्धा बरोबर अर्थ घेतात. लग्नाला पैसा खर्चतात, पण तो मोजत झुरत बसत नाहीत.

रानजाई
टाळकरी, सुंदर आहे, पण 'मुलाविषयी उदास राहावे' असं छापलं तर दुसरी लाल रेघ पक्की.

पहाटेची घंटा
मला राहून राहून दुसऱ्याच शब्दाचं वाटतंय. 'वेदना'! पालीत वेदना म्हणजे जे जाणवतं ते, सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेलं. मराठीत फक्त दुखणं. आमच्या शिबिरात एक काकू होत्या. मौन सुटल्यावर म्हणाल्या, मला वेदना झाल्याच नाहीत, म्हणजे माझी साधना चुकली का? किती दिवस त्या हेच डोक्यात घेऊन बसल्या होत्या.

परिचारिका
मी रुग्णालयात काम करते. दुखण्याबद्दल विचारताना आम्ही 'वेदना' कधी वापरत नाही. 'कसं दुखतंय? ठणकतंय, टोचतंय, की जळजळतंय?' असं विचारतो. मराठीत जाणवण्याला किती शब्द आहेत बघा: ठणका, कळ, चमक, कसर, मुंग्या, शिरशिरी, झिणझिण्या, बधिरपणा, गुदगुल्या. मी स्वतः ध्यानाला बसते तेव्हा 'वेदना' म्हणत नाही, 'इथे झिणझिण्या आहेत, इथे काहीच नाही' असं पाहते. मन लवकर स्थिर होतं. रात्रपाळीत दोन रुग्णांच्या मध्ये, हात धुतानासुद्धा, पाण्याचा गार स्पर्श एवढंच पाहिलं तरी पुढच्या खाटेपाशी जाताना मागच्या खाटेची चीड सोबत येत नाही.

साळुंकी
आणि हिंदी शिबिरातला 'संवेदना' मराठीत आणला की लोकांना वाटतं शोकसभा आहे. 'संवेदना व्यक्त केल्या.'

साखवाळचो
एक गुंता आणखी. उपेक्खा हे एका वेदनेचंही नाव आहे. अभिधम्मात, म्हणजे मनाची बारीक फोड करणाऱ्या बौद्ध ग्रंथांत, वेदना पाच धरतात: सुख, दुःख, सोमनस्स (मनाचं सुख), दोमनस्स (मनाचं दुःख) आणि उपेक्खा. ती उपेक्खा म्हणजे नुसतं 'ना बरं ना वाईट' जाणवणं. ब्रह्मविहारातली उपेक्खा ही कमावलेली वृत्ती. विसुद्धिमग्गात असे एकूण दहा प्रकार दिलेत. त्यातला एक आहे तत्रमज्झत्तता, तिथे मध्यावर असणं. संस्कृतात तो 'मध्यस्थता' होतो आणि मराठीत पुन्हा फसतो, कारण आपल्याकडे मध्यस्थ लग्न जमवतो.

नागनदी
रानजाई, माझी सूचना: शीर्षकात 'उपेक्खा' ठेवा आणि आतल्या वाक्यात आख्खं वाक्यच लिहा, एक शब्द शोधू नका. 'मुलाकडे लक्ष असू द्या, त्याचं ओझं घेऊ नका.' आमच्या विहारात लहान मुलांना असंच सांगतो.

मोडीवाला
म्हणजे संज्ञा पालीत आणि अर्थ गद्यात. मग मराठी परिभाषा घडणार कधी? इंग्रजीतून, पालीतून असे सगळे उसने शब्द आपण वापरायचे?

नागनदी
पाली आम्हाला उसनी नाही, काका.

कोवळं ऊन
मध्येच विचारते. पुस्तिकेचं नाव 'ध्यान आणि घर' असं काही असणार का? कारण आमच्याकडे सांगलीला 'काय ध्यान आहे!' म्हणजे वेंधळा, विस्कटलेला माणूस. माझी आजी दिवसातून अनेकदा म्हणायची. हा अर्थ आला कुठून?

टाळकरी
मला वाटतं रूपावरून. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' यात ध्यान म्हणजे डोळ्यांपुढची मूर्ती. ज्या रूपाचं ध्यान करायचं ते रूप. मग कुणाचाही अवतार पाहून 'हे बघा ध्यान!'

मोडीवाला
'अवतार' चं ही तसंच झालं. 'काय हा अवतार!'

साखवाळचो
ध्यानाचं पालीत झान, चीनमध्ये चान, जपानमध्ये झेन. आणि बौद्ध झान म्हणजे कोणतंही डोळे मिटणं नव्हे, तिथे चार पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीचं वर्णनच 'उपेक्खासतिपारिसुद्धि' असं आहे, म्हणजे उपेक्खेने शुद्ध झालेली स्मृती. तेव्हा विषय अजून सुटलेला नाही.

परिचारिका
त्यातल्या 'सति' चं, म्हणजे क्षणाक्षणाला जागं असण्याचं, मराठी काय करता तुम्ही लोक? स्मृती म्हटलं की आठवण, जागरूकता म्हटलं की वाहतूक सप्ताह. मी 'भान' म्हणते.

साळुंकी
'भान' छान आहे. 'भान ठेवून वाग' असं आईपण म्हणते.

पहाटेची घंटा
पण 'भान हरपून' चांगल्या अर्थानेही वापरतो ना आपण? गाणं ऐकताना भान हरपलं. तिथे भान जाणंच हवंसं असतं. मग सतीला भान कसं म्हणायचं?

मोडीवाला
'अवधान' घ्या. अष्टावधानी मधला.

परिचारिका
अवधान एकाच गोष्टीवर असतं. सतीत काय उठतंय, काय जातंय ते सगळंच कळत असतं. यासाठी नवा धागा काढू का?