मदत हवी आहे: मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आईचे वजन सुरक्षितपणे कसे उतरवावे?

माझी आई ५८ वर्षांची असून सांगलीला राहते. तिला टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या बरीच वर्षे चालू आहेत आणि गुडघे दुखत असल्यामुळे डॉक्टरांनी तिला वजन कमी करायला सांगितले आहे. सल्ला योग्यच होता, परंतु काय खावे हे नीट समजावून सांगणारे कोणी न भेटल्यामुळे ती शेजारच्या काकूंच्या ओळखीने व्हॉट्सॲपवरच्या एका 'वजन घटवा' गटात सामील झाली.

सकाळी आणि रात्री जेवणाऐवजी पावडरीचा शेक, दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर वरण, भात-भाकरी-पोळी पूर्ण बंद, असा त्या गटाचा तक्ता आहे. रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकायचा आणि ज्याचे वजन उतरले नसेल त्याने आदल्या दिवशी काय खाल्ले याचा सर्वांसमोर खुलासा करायचा, असा नियम आहे. इतकी बारीक चौकशी करणाऱ्या त्या गटात आईला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे मात्र कोणीही विचारले नाही.

पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली आला. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या राखीव साठ्याच्या) दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते आणि कर्बोदके एकाएकी तोडली की आधी तो साठा व ते पाणी जाते, हे मी तिला समजावून सांगितले. पण रोज उतरणारा आकडा समोर दिसत असताना तिला माझे म्हणणे पटले नाही. पुढे मी घरी गेले असता ती पहाटे स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी असलेली दिसली. कपाळ घामाने डबडबले होते आणि हात इतके थरथरत होते की साखरेच्या डब्याचे झाकण तिला उघडता येत नव्हते. ग्लुकोमीटरवर ५८ आकडा आला. साखरपाणी दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा साखर ७०च्या वर आली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड थांबवली आणि शेकही बंद करायला लावला.

आता आई पुन्हा वजन वाढेल या धास्तीने घासागणिक विचार करते, आणि तिला असे जेवताना पाहणे मला फार जड जाते. मावशीचा आग्रह आहे की तिने डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीप्रमाणे दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे. आई शाकाहारी आहे, ज्वारीची भाकरी तिला प्रिय आहे आणि एकादशी व संकष्टीचे उपवास ती सोडणार नाही. हे सर्व सांभाळून तिच्यासाठी काय योग्य ठरेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (आहारतज्ज्ञ)

आपण वेळेवर डॉक्टरांकडे गेलात हे फार चांगले झाले. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ही गोळी चालू असताना जेवण टाळणे धोक्याचे असते. एकट्या मेटफॉर्मिनने साखर इतकी खाली जाणे विरळाच. तरीही दोन वेळा जेवण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या पुढे कधी सुरू झाल्या, तर कर्बोदके एकदम तोडू नयेत. त्यात रक्तातील साखर फारशी न वाढताही किटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक विकार) होऊ शकतो.

शेकविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ब्रिटनमधील डायरेक्ट या अभ्यासाचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही सुरुवातीचे काही महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेकच दिले होते आणि वर्षअखेरीस जवळजवळ निम्म्या लोकांची साखर मधुमेहाच्या गोळ्यांशिवाय मर्यादेत होती. मात्र तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ नियमित तपासत होते आणि नंतर साधे जेवण टप्प्याटप्प्याने परत आणले होते. आपल्या आईंच्या वाट्याला यातले फक्त शेक आले.

भाकरी सोडण्याची गरज नाही, ती मोजावी. ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी साधारण १७५ कॅलरींची होते, म्हणून काही दिवस पीठ तोलून घ्यावे, पुढे हाताला अंदाज येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा अधिक कॅलरी येऊ नयेत. आपल्याकडे शाकाहारी ताटात खरी उणीव प्रथिनांची असते. तेव्हा मटकी किंवा मुगाची घट्ट उसळ, पिठले, दही, पनीर यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. वरणाचे पाणी प्रथिनांत धरू नये. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याऐवजी मोजकी भगर, दाण्याची आमटी आणि ताक चालेल, परंतु दिवसभर काहीच न खाणे नको.

वजन आठवड्यातून एकदाच करावे; सरासरी अर्धा किलो उतरले तरी पुरेसे आहे. कंबरेचा घेरही मोजावा, भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवरून सावकाश उठ-बस करण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा, कारण वजन उतरताना स्नायूही झिजतात. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. बी-१२ आजवर तपासलेले नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की विचारते. आणखी एक शंका आहे: आईला रात्री आठ वाजता जेवून पहाटे पाचला भूक लागते आणि त्या पहाटेपासून ती भुकेलाच घाबरते. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, की वाटीभर दूध घेतले तरी चालेल?