मदत हवी आहे: पाळीव प्राणी न आवडणं हा स्वभावाचा दोष मानायचा का?

लग्न ठरतंय. माझ्याकडे सात वर्षांची कुत्री आहे आणि होणाऱ्या नवऱ्याला प्राणी अजिबात आवडत नाहीत. ती जवळ आली की तो पाय वर घेऊन बसतो. मैत्रिणी म्हणतात, ज्याला मुकं जनावर आवडत नाही त्याच्या मनात माया नसते. मला हे सरसकट पटत नाही, पण डोक्यातून जातही नाही.

विचारून झालंय. ॲलर्जी नाही, लहानपणी कुत्रा चावलेला नाही, भीतीही नाही. केस, वास, चाटणं नको वाटतं, एवढंच. मात्र परवा तिचं भांडं कोरडं दिसलं तेव्हा मी न सांगता त्यानेच पाणी भरून ठेवलं. मग लगेच हात धुतले. आजारी आईचं सगळं तोच बघतो.

थोडं वाचलंही. डीएसएम या मानसोपचारातल्या निकषांत प्राण्यांशी क्रूरपणे वागणं हे मुलांमधल्या वर्तनविकाराचं एक लक्षण म्हणून १९८७ पासून आहे. नुसती नावड नाही. एलिझाबेथ पॉल यांच्या २००० सालच्या अभ्यासात माणसांबद्दलची आणि प्राण्यांबद्दलची सहानुभूती यांत नातं दिसलं, पण ते फार घट्ट नव्हतं.

कुत्री माझ्यासोबतच येणार, हे त्याने मान्य केलंय. त्यामुळे 'तिला कुणाला तरी देऊन टाक' हा सल्ला कृपया नको. ज्यांचा जोडीदार असा आहे त्यांनी सांगा: नुसती नावड आणि आतला कोरडेपणा यांतला फरक तुम्हाला रोजच्या वागण्यात नेमका कशावरून कळला?