आवाज येतोय, चित्र गायब: टीव्ही दुरुस्त केलात की नवा घेतलात?

७ वर्षांचा ४३ इंची एलईडी टीव्ही. परवा रात्री जेवताना चित्र गेलं, आवाज चालूच. सासूबाई तशाच मालिका ऐकत बसल्या. काल माणूस येऊन गेला. मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "वहिनी, पॅनल गेलंय, १८ हजार," म्हणाला आणि तपासणीचे ३५० घेऊन गेला. त्यात आणखी ७-८ हजार घातले की नवाच येतोय. आमचे हे म्हणतात नवा घेऊ, सासरे म्हणतात एवढ्यात मोडीत कसा काढायचा? तुमच्याकडं काय बिघडलं होतं, किती गेले, पैसे घातल्याचं पुढं समाधान झालं का, सगळं लिहा.
– राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, पैसे द्यायच्या आधी एक करा. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही लावा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरका धरा. अंधुक माणसं हलताना दिसली तर पॅनल म्हणजे पडदा जिवंत आहे, बॅकलाईट म्हणजे त्याच्या मागचा उजेड गेलाय. आत एलईडीच्या पट्ट्या असतात, दिवाळीच्या जुन्या माळेगत एकामागं एक जोडलेल्या. एक उडाला की सगळी माळ बंद.

आमच्या ३२ इंचीला हेच झालं. लेथवर आयुष्य गेलंय, मला काय होतंय म्हणून स्वतःच उघडायला बसलो. पट्ट्यांपर्यंत पोचायचं तर आधी पडद्याची काच उचलून बाजूला ठेवावी लागते. ती पापडागत पातळ, आणि कडेला चिकटलेल्या रिबिनी, म्हणजे पातळ चपट्या वायरी, बघितल्या तेव्हा गपगुमान स्क्रू परत लावले. दुकानात मजुरी धरून १८०० गेले. एकच पट्टी बदलून देतो म्हणाला तर ऐकू नका, सगळ्या बदलून घ्या. बाकीच्या पण तेवढ्याच जुन्या असतात. घरी आणल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाईट १०० वरनं ६० वर आणा. त्या पूर्ण जोरावर तापूनच जातात.
– उद्यमनगर

आमचं लई वाईट झालं. १८ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना-फ्रान्स. माझा टीव्ही गल्लीत टेबलावर मांडलेला, पन्नासभर पोरं. ८० मिनिटांपर्यंत २-०, फटाके काढून ठेवलेले. एम्बाप्पेनं दोन मिनिटांत दोन घातले आणि त्या गोंधळात पडद्यावर 'नो सिग्नल'. कुणीतरी मागनं दोन थपडा हाणल्या, पूर्वीच्या टीव्हीला हाणायचे तशा. बिघाड कसला, एचडीएमआयची वायर पायात येऊन निघाली होती. ती खोचली, मॅच आली, पण थपडेनं मधोमध हिरवी रेघ उमटली. मेस्सीनं कप उचलला तो पण रेघेच्या पलीकडं. त्या रेघेला तीन दुकानं फिरलो. पडद्याच्या कडेची रिबीन सुटली, नवं पॅनल घ्या, असं तिघंही म्हणाले. अजून तसाच बघतोय.
– शिवाजी पेठ

रेघवाल्या भावाला: तिघं खरं बोलले. हा धंदा मी पिक्चर ट्यूबच्या काळापासनं केला, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद केलाय. गिऱ्हाईक आलं की टीव्ही उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारायचो. लाल दिवा लागतो का? आवाज येतो का? बिघडायच्या आधी घरात काय झालं होतं? दिवाच नाही तर आधी पॉवर सप्लाय बघायचा. कितीदा तरी कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीचं, सपाट डोकं फुगून वर आलेलं असायचं. माल ३० रुपयांचा, बाकी सगळी ओळखायची किंमत. पण घरी कुणी बोटं घालू नका. प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरात ३०० व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. एकदा असा झटका बसला की हातातला पाना समोरच्या भिंतीला जाऊन लागला.
– मंगळवार पेठ

वळवाच्या पावसात खांबावरचा न्यूट्रल तुटला. पंखा विमानागत फिरायला लागला, बल्ब पांढरेफेक पडले आणि टीव्ही फट्. मला वाटलं, गेला. आतली निळी नाण्याएवढी एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज अंगावर घेणारी चकती, फुटलेली आणि फ्यूज उडालेला. त्या दोघांनी मरून बाकीचा टीव्ही वाचवला. ६५० रुपये.
– कसबा बावडा

पुरात भिजलेल्यावर पैसे घालू नका एवढंच सांगते. ऑगस्ट २०१९ ला पाणी घरात शिरलं. शेजाऱ्यांनी गाळ पुसून लगेच लावला, धूरच निघाला. आम्ही आठ दिवस वाळवला, बोर्ड ब्रशनं धुवून घेतला, ३२०० दिले. चार महिने चालला. मग कनेक्टरांना गंज चढला, आणि पडद्यात खालनं पाण्याचे डाग वर आले ते आलेच.
– शाहूपुरी, कुंभार गल्ली

नातवानं रिमोट फेकून मारला. वॉरंटी होती, पण फुटलेलं पॅनल त्यात बसत नाही म्हणाले. नवा घेतला. बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झालाय.
– ताराबाई पार्क

राजारामपुरी परत. रात्री दिवे घालवले, सासऱ्यांनी टॉर्च धरला. पुसट पुसट माणसं दिसली! "दिसतंय की सगळं," म्हणत सासूबाईंनी त्यांना अर्धा तास तसंच उभं केलं, हात दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला. सगळ्या पट्ट्या मिळून २९००, तीन महिन्यांची गॅरंटी. जुन्या पट्ट्या मागून घेतल्या. एका एलईडीवर मोहरीएवढा काळा ठिपका, बास. तीन महिन्यांनी काय होतंय ते लिहीनच.

आणि चित्र आल्यावर कळलं, मालिकेतली धाकटी सून बदललीय. सासूबाईंना वाटत होतं तिला सर्दी झालीय.