हिवाळ्यातील मोटरहोम प्रवास : प्रोपेन पुरेल का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही फिनिक्सहून भाड्याचे मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये चार रात्री राहणार आहोत. तेथे विजेची जोडणी नाही आणि सोबत सासूबाई असल्याने हीटर रात्रभर लागेल. टाकीतला गॅस पुरेल का, आणि प्रवासात फ्रिज गॅसवर ठेवावा का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

उत्तर :

नमस्कार,

गॅसचा हिशेब हीटरवरूनच मांडावा. शेगडी आणि फ्रिज त्यापुढे किरकोळ आहेत. एका गॅलन प्रोपेनमधून सुमारे 91,500 बीटीयू (उष्णतेचे एकक) उष्णता मिळते, आणि हीटर तासाला 30,000 बीटीयूचा धरला तर तो सलग पेटता राहिल्यास गॅलनभर गॅस तीन तासांत संपतो. टाकी 12 गॅलनची असली, तरी गॅसला प्रसरण पावायला जागा हवी म्हणून ती 80 टक्केच भरतात. कडाक्याच्या रात्री हीटर एकूण सहा-सात तास जळेल असे धरले, तर चौथ्या रात्री टाकी तळाला लागेल.

तथापि माझ्या मते त्याआधी दगा देईल ती बॅटरी. हीटरचा पंखा 12 व्होल्टवर चालतो आणि सात-आठ अँपिअर ओढतो, म्हणजे एका रात्रीत पन्नासेक अँपिअर-तास जातात. 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिचे आयुष्य न घटवता साधारण तेवढेच घेता येतात. पंखा मंदावला की हीटर सुरक्षेसाठी गॅस तोडतो, आणि टाकीत गॅस असूनही पहाटे सगळे कुडकुडत उठतात. सासूबाई सोबत आहेत, तेव्हा जवळच्याच ट्रेलर व्हिलेजमध्ये विजेच्या जोडणीची जागा मिळत असल्यास तीच घ्यावी.

थंडीने गॅस अडेल ही भीती मात्र नको. भारतातल्या घरगुती सिलिंडरमधील ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे 42 अंश सेल्सिअस आहे.

प्रवासात टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. अनेक जण तसे करत नाहीत, पण इंधन भरताना शेजारी ज्योत पेटती असणे मला पटत नाही. दार न उघडल्यास फ्रिज तेवढे तास थंड राहतो. मुक्कामी व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. झटक्याने उघडल्यास अतिप्रवाह रोखणारी झडप मिटते आणि शेगडी मिणमिणती जळते.

आणखी एक उत्तर :

वरील माहितीला एक पुरवणी. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळतीचा अलार्म जमिनीलगत बसवलेला असतो, त्याच्यासमोर बॅगा रचू नयेत. त्याची आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत गाडी ताब्यात घेतानाच पाहावी, आणि ऊब हवी म्हणून शेगडी कधीही पेटवून ठेवू नये.